चाळीसपैकी सतरा : आशावादाच्या चाचणीचा चुकलेला हिशेब

गेल्या आठवड्यात इंदिरानगरला मावशीकडे गेलो, तेव्हा ती चष्मा लावून दिनदर्शिकेच्या फाडलेल्या पानामागे बेरीज करत बसली होती. स्तनाच्या कर्करोगावर तिची केमोथेरपी चालू आहे आणि चौथी सायकल दोन दिवसांवर आली होती. बेरीज कसली म्हणून विचारले, तर तिने फोन पुढे केला. 'तुम्ही आशावादी की निराशावादी? हार्वर्डची दहा प्रश्नांची चाचणी' असा संदेश आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटात मामेभावाने टाकला होता, आणि नंतर तो मला आणखी दोन गटांत दिसला. दहा विधानांना शून्य ते चार गुण द्या आणि सगळ्यांची बेरीज करा. वीसपेक्षा कमी आले तर तुम्ही निराशावादी, आणि निराशावादी माणसाला कर्करोगाचे औषध लागू पडत नाही, असे त्यात ठामपणे लिहिले होते. मावशीला सतरा आले होते. "मग आता सुया टोचून घ्यायच्या कशाला," असे ती हसत म्हणाली खरी, पण ते पान तिने रिपोर्टच्या फाइलमध्ये नीट घडी करून ठेवले.

ही विधाने कुठून उचलली आहेत, ते ओळखू येते. मायकेल शायर आणि चार्ल्स कार्व्हर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये 'लाइफ ओरिएंटेशन टेस्ट' ही प्रश्नावली प्रसिद्ध केली आणि १९९४ मध्ये मायकेल ब्रिजेस यांच्यासह तिची सुधारित आवृत्ती काढली. शायर कार्नेगी मेलन विद्यापीठाचे आणि कार्व्हर मायामी विद्यापीठाचे. हार्वर्डचे नाव वजन यावे म्हणून चिकटवलेले आहे. सुधारित आवृत्तीतील दहा विधानांपैकी तीन आशेची आहेत, तीन निराशेची आहेत आणि उरलेली चार निव्वळ भरतीची आहेत, म्हणजे चाचणी नेमके काय मोजते आहे ते उत्तर देणाऱ्याच्या चटकन लक्षात येऊ नये म्हणून घातलेली. मित्रमंडळींत आपण रमतो का, आपल्याला सहज निवांत होता येते का, अशा या चार विधानांचे गुण धरायचेच नसतात. निराशेच्या तीन विधानांचे गुण उलटे करायचे असतात, शून्याचे चार आणि एकाचे तीन, आणि मग सहा विधानांची बेरीज चोवीसपैकी काढायची असते. फॉरवर्ड रचणाऱ्याने भरतीची विधाने बेरजेत घेतली आणि निराशेची विधाने उलटी केलीच नाहीत.

मावशीच्याच पानावर मी हिशेब पुन्हा मांडला. आशेच्या विधानांना तिने तीन, दोन आणि तीन असे आठ गुण दिले होते. 'माझ्या बाबतीत जे बिघडू शकते ते बिघडतेच' या धर्तीच्या तीन विधानांना तिने एक, एक आणि शून्य दिले होते, म्हणजे ती विधाने तिला मान्यच नव्हती. ते गुण उलटे केले की दहा होतात. आठ आणि दहा मिळून चोवीसपैकी अठरा. आपले सगळे वाईटच होणार, असे ती मानत नाही, आणि नेमके याचेच गुण फॉरवर्डने कापले होते. शिवाय 'मला सहज निवांत होता येते' याला तिने एक गुण दिला होता. केमोच्या दोन दिवस आधी कोणाला निवांत वाटते?

आता फॉरवर्डमधील सर्वांत घातक वाक्याकडे येतो. निराशावादी माणसाला औषध लागू पडत नाही, याला आधार नाही. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या १७९ रुग्णांचा आशावाद प्रश्नावलीने मोजला आणि ते पुढे किती जगले ते पाहिले; २००४ मध्ये 'कॅन्सर' या नियतकालिकात आलेला त्यांचा निष्कर्ष असा की, उपचारांपूर्वी अधिक आशावादी असलेले रुग्ण अधिक जगल्याचा पुरावा मिळाला नाही. रुग्णाला 'पॉझिटिव्ह राहा' असे सतत सांगितल्याने आजाराच्या ओझ्यात भरच पडण्याची शक्यता आहे, असेही त्यांनी नोंदवले. हा अभ्यास स्तनाच्या कर्करोगाचा नाही, हे मी मावशीला सांगितले. पण फॉरवर्डचा दावा सरसकट कर्करोगाचा आहे आणि तो इथेच कोसळतो. उपचार फसले तर दोष औषधाचा नाही, गाठीचाही नाही, रुग्णाच्या मनाचा, हे आजारी बाईला 'काळजीपोटी' पाठवणाऱ्यांनी निदान एकदा स्वतः मोठ्याने वाचून पाहावे.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. आशावाद आणि आरोग्य यांचा काहीच संबंध नाही, असे नाही. २०१९ मध्ये १५ अभ्यासांतील २,२९,३९१ व्यक्तींची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा आशावादी लोकांत हृदयविकार आणि पक्षाघातासारख्या घटनांचा धोका सुमारे ३५ टक्के कमी आढळला. हा केवळ सहसंबंध आहे; आशावादामुळेच धोका कमी होतो, हे सिद्ध झालेले नाही. शिवाय हृदयाची गोष्ट आहे, केमोची नाही. पुढे २०२१ मध्ये शायर आणि सहकाऱ्यांनी जुनी माहिती नव्याने तपासली, तेव्हा शारीरिक आरोग्याशी आशा असण्यापेक्षा निराशा नसण्याचे नाते अधिक घट्ट दिसले.

फॉरवर्डमध्ये 'निराशावादी माणूस धंद्यात बुडतो' असेही एक वाक्य आहे; ते लिहिणाऱ्याने मावशीच्या दिरांना भेटावे. निफाड तालुक्यात त्यांची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणी झाली की पाऊस येणार आणि डावण्या हा बुरशीचा रोग पडणार, असेच ते धरून चालतात, म्हणून फवारणीची तयारी त्यांच्याकडे आधीच असते. नोव्हेंबर २०२३ ची गारपीट पाहिलेल्या माणसाने दुसरे काय धरावे? वाईट गृहीत धरून तयारी करण्याच्या या वृत्तीला ज्युली नोरेम आणि नॅन्सी कँटर या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये बचावात्मक निराशावाद म्हटले आणि ती अनेकांना उपयोगी पडते, असे दाखवले. फॉरवर्डच्या शेवटी तर आशावाद जन्मजात असतो असे एका ओळीत आणि तो एकवीस दिवसांत कमावता येतो असे पुढच्याच ओळीत आहे. ते आधी आपसांत ठरवून घ्यावे.

नवी बेरीज पाहून मावशीने विचारले, "अठरा म्हणजे मी पास ना?" तिला 'हो' म्हणण्याचा मोह झाला, पण या चाचणीत आशावादी आणि निराशावादी यांना वेगळे करणारी रेघच नाही, तिच्या कर्त्यांनीच ती आखलेली नाही, एवढे तिला सांगितले. "मग वीसची रेघ कोणी ओढली?" असे म्हणून तिने फाइलमधले ते पान काढले आणि मामेभावाला फोन लावला.