लफेव्र, फाव्र, फोर आणि झानरे-ग्री : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. आपले आक्षेप दोन. लफेव्र, फाब्र, फोर आणि फाव्र ही चारही फ्रेंच आडनावं मुळात ‘लोहार’ या अर्थाची, हे माझं म्हणणं आपल्याला ध्वनिसाम्यावरून केलेली ओढाताण वाटतं. आणि ‘झानरे-ग्री’ हे स्विस जोडनाव म्हणजे आपल्या मते नवरा-बायकोच्या आडनावांची जोड आहे.

नुसत्या ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती लावू नये, हे अगदी मान्य. पण इथे साम्य आहेच कुठे? फोर आणि लफेव्र कानाला एकमेकांचे कुणीच लागत नाहीत. आधार आहे तो नियमित ध्वनिबदलाचा. लॅटिनमध्ये लोहार म्हणजे ‘फाबर’. उत्तर फ्रान्समध्ये अशा शब्दांतल्या ‘आ’चा ‘ए’ आणि ‘ब’चा ‘व’ झाला. ओठांना लॅटिनमध्ये ‘लाब्रा’, फ्रेंचमध्ये ‘लेव्र’. तसाच फाबरचा ‘फेव्र’, आणि त्याआधी ‘ल’ हे उपपद लागून लफेव्र. सोनाराला फ्रेंच माणूस आजही ‘ऑर्फेव्र’च म्हणतो. दक्षिणेत ‘आ’ आणि ‘ब’ दोन्ही टिकले ते फाब्र. काही भागांत ‘ब’चा ‘उ’ होऊन फाउरे झालं आणि पुढे त्यातला ‘आउ’ फ्रेंच रीतीने ‘ओ’ वाचल्यामुळे फोर. आल्प्समधल्या साव्हॉय भागात आणि फ्रेंचभाषक स्वित्झर्लंडमध्ये ‘आ’ राहिला, ‘ब’ बदलला : फाव्र. स्वित्झर्लंडमधल्या गोटहार्ड रेल्वे बोगद्याचे कंत्राटदार लुई फाव्र जिनिव्हाकडचेच.

लफेव्रच्या स्पेलिंगमधला (Lefebvre) ‘बी’ मात्र उच्चारात नाही. लॅटिन मूळ दिसावं म्हणून कारकुनांनी तो घातला. तेव्हा ‘यू’ आणि ‘व्ही’ वेगळे लिहीत नसत, त्यामुळे काहींनी ते ‘लफेब्यूर’ वाचलं आणि तेही आडनाव रूढ झालं.

आता जोडनाव. झानरे हे ‘झाँ’ (Jean) या पुरुषाच्या नावाचं लाडकं रूप. स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलच्या डोंगराळ भागात एकाच आडनावाची घरं फार झाली की शाखा ओळखू यावी म्हणून पुढे दुसरं नाव लावत. झानरे-ग्री हे असं शाखानाम. चंदीगडचे वास्तुकार ल कॉर्ब्युझिए १८८७ साली याच नावाने जन्मले. नवऱ्याच्या आडनावापुढे बायकोचं माहेरचं जोडायची स्विस रीतही आहेच, आणि गोंधळ तिथेच होतो. त्यांच्या आई-वडिलांसाठी त्यांनी १९१२ मध्ये बांधलेलं घर ‘झानरे-पेरे’ म्हणून ओळखलं जातं; पेरे हे आईचं माहेर. एकाच घरात दोन्ही प्रकार!

ओळखायचं असेल तर बाप्तिस्म्याची नोंद काढा. तान्ह्या मुलाच्या नावातच दोन्ही भाग असतील तर शाखानाम समजावं. दुसरा भाग लग्नानंतरच्याच कागदांत दिसला तर माहेरचं. शाखानाम कधीकधी गळतंही, म्हणून वडील-आजोबांच्या नोंदीही पाहाव्यात. स्विस पासपोर्टवर जन्मगाव नसतं, कुटुंबाचं मूळगाव असतं. शोध तिथूनच सुरू करा.