लोहिया मैदानावर जे मागितलं, ते ‘परदेशी’ कसं?

गेल्या आठवड्यात आमच्या वाड्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक लांबलचक मजकूर आला. मग तोच देवस्थानच्या ग्रुपवर आला, आणि शेवटी मामेभावाने मला वेगळा पाठवला. खाली त्याचा प्रश्न होता: ‘ताई, हें खरें?’ मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं. मानवाधिकार ही पाश्चात्त्यांची कल्पना आहे. भारतात तो कायदाच नाही, म्हणून न्यायाधिकरणांनी (ठराविक विषयांचे वाद ऐकणाऱ्या मंडळांनी) तिकडे न बघता फक्त कलम वाचून निकाल द्यावा. विधेयक किंवा प्रकल्प आला की मानवाधिकारवाली मंडळी आडवी येतात. आणि एवढं करून फायदा होतो तो गुन्हेगारांचाच.

मी फोंड्याला वीस वर्षं वकिली करते. भावाला फोनवर सांगितलं ते इथे नीट लिहून काढते आहे, कारण हा मजकूर खरा मानणारी माणसं माझ्या ओळखीची, माझ्या जवळची आहेत.

‘ही कल्पना पाश्चात्त्यांची’

१८ जून १९४६ ला मडगावात, आज लोहिया मैदान म्हणतात तिथे, डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. ज्युलियांव मिनेझीस भर पावसाळ्यात सभेला उभे राहिले. त्या काळी पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या गोव्यात परवानगीशिवाय सभा घेता येत नसे. छापायचा मजकूर आधी सेन्सॉरला दाखवावा लागे, अगदी लग्नपत्रिकासुद्धा. त्या दिवशी लोकांनी मागितलं ते बोलण्याचं, लिहिण्याचं, एकत्र जमण्याचं स्वातंत्र्य. संयुक्त राष्ट्रांचा मानवाधिकारांचा जाहीरनामा आला १० डिसेंबर १९४८ ला, म्हणजे मडगावच्या सभेनंतर सुमारे अडीच वर्षांनी. त्यातल्या पहिल्याच कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघेल अशी शब्दरचना होती, ती बदलून ‘सर्व मानव’ करून घेतली भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी. आपण मागितलेलं आणि आपल्या बाईने घडवलेलं परकं म्हणून टाकून द्यायचं, हे मला सहन होत नाही.

‘भारतात तो कायदाच नाही’

यात अर्धं खरं आहे. आंतरराष्ट्रीय करारावर सही झाली म्हणून तो आपोआप इथला कायदा होत नाही. राज्यघटनेच्या कलम २५३ प्रमाणे त्यासाठी संसदेने कायदा करावा लागतो. १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे स्पष्ट सांगितलं. पण त्याच निकालात त्यांनी भारताने १९७९ मध्ये स्वीकारलेल्या नागरी हक्कांच्या कराराच्या उजेडात दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम वाचलं, आणि ज्याच्याकडे खरोखर काही नाही त्याला केवळ कर्ज फेडलं नाही म्हणून तुरुंगात टाकता येणार नाही असं ठरवलं. कलम जुनंच राहिलं, त्याचा अर्थ माणसाच्या बाजूने लागला.

शिवाय कायदा आहेच. मानवाधिकार संरक्षण कायदा १९९३ चा. त्याच्या व्याख्येत जीवित, स्वातंत्र्य, समानता आणि प्रतिष्ठा यांविषयीचे हक्क येतात, मग ते घटनेने दिलेले असोत किंवा आंतरराष्ट्रीय करारांत असलेले आणि इथल्या न्यायालयांतून बजावता येणारे असोत. गोव्याचा राज्य मानवाधिकार आयोग याच कायद्याखाली पणजीत बसतो. आयोग फक्त शिफारस करू शकतो ही उणीव खरी आहे, आणि ती मलाही सलते.

‘न्यायाधिकरणाने फक्त कलम वाचावं’

इथे जरा थांबते, कारण गोव्यानेच याचं उत्तर दिलेलं आहे. पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा कायदा २०१० चा. त्याची प्रस्तावनाच सांगते की निरोगी पर्यावरणाचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधल्या जीविताच्या हक्काचा भाग मानला गेला आहे. तेव्हा ‘फक्त कायदा वाचा’ म्हटलं तरी वाचायला सुरुवात केल्याबरोबर हक्कच समोर येतो.

गोव्याची प्रकरणं या न्यायाधिकरणाच्या पुण्यातल्या खंडपीठाकडे जात. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने अधिसूचना काढून ती दिल्लीला नेली. कागदावर एका शहराच्या जागी दुसरं शहर आलं, इतकंच. पण आपल्या गावच्या डोंगरकापणीविरुद्ध उभा राहणारा सत्तरी किंवा सांगे तालुक्यातला माणूस रात्रीच्या बसने पुण्याला जाऊन दुसऱ्या रात्री परत येऊ शकतो. दिल्लीला त्याने कसं जायचं, राहायचं कुठे, आणि अशा किती तारखा परवडवायच्या? आदल्याच वर्षी, २०१६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अनिता कुशवाहा खटल्यात सांगितलं होतं की न्यायापर्यंत पोचता येणं हा मूलभूत हक्क आहे. तो खरा व्हायचा तर यंत्रणा परिणामकारक हवी, अंतराने पोचण्याजोगी हवी, काम लवकर व्हावं आणि खर्च परवडावा. मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाने स्वतःहून विषय हाती घेतला आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये ती अधिसूचना रद्द केली. मी ते निकालपत्र त्याच रात्री वाचून काढलं. वकिलीत असे दिवस फार येत नाहीत.

हे मोठ्या प्रकरणांपुरतं नाही. माझी आते मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीवर घर करून राहणारी. एका तालुक्याच्या कचेरीत भाटकाराच्या वारसांनी तिच्या घराविरुद्ध अर्ज केला. आते लेकीच्या बाळंतपणासाठी सावंतवाडीला होती. नोटीस बंद दाराला डकवली गेली आणि तिच्या माघारी आदेश झाला. ‘मुदतीत हजर नाही’ एवढंच वाचलं असतं तर तिचं घर गेलं असतं. अपिलात मी घटनेच्या कलम १४ आणि २१ वर बोट ठेवलं: दुसऱ्या बाजूचं ऐकल्याशिवाय तिच्या डोक्यावरचं छप्पर काढता येत नाही. आदेश रद्द झाला आणि सुनावणी नव्याने लागली. जाहीरनाम्याचं दहावं कलम हेच सांगतं. आतेने ते कधी ऐकलेलं नाही, पण तिला ते लागू आहे.

‘विधेयकांना आणि प्रकल्पांना आडवे येतात’

१९९१ मध्ये मडगावात, मुलांचं आश्रयस्थान चालवण्याच्या नावाखाली त्यांचं लैंगिक शोषण करणारा एक माणूस पकडला गेला. १९९२ मध्ये भारताने बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला. २००३ मध्ये गोव्याने स्वतःचा बाल कायदा केला. बालकांसाठी खास न्यायालय आलं. नातेवाईक सोबत नसताना लहान मुलाला हॉटेलच्या खोलीत जाऊ देऊ नये, ही जबाबदारी हॉटेलवर टाकली गेली. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठी देशभराचा पॉक्सो कायदा यायला त्यानंतर नऊ वर्षं लागली. इथे हक्कांनीच कायदा घडवला.

उलटं उदाहरण ३० जुलै २०२१ चं. भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक विधानसभेत घाईघाईने मंजूर झालं. तीस वर्षं राहणाऱ्याला ‘भूमिपुत्र’ ठरवून घराचा हक्क द्यायचा, असा त्याचा गाभा. गरिबाला घर मिळावं हे मलाही हवं आहे. पण गावडा, कुणबी, वेळीप समाजांशी चर्चा न करता त्यांची ओळख सांगणारा शब्द वाटून टाकला, आणि हा हक्क ठरवणाऱ्या समितीसमोरच्या प्रश्नांत न्यायालयांना अधिकार नाही असंही लिहिलं. १९९७ च्या चंद्रकुमार निकालापासून हे पक्कं आहे की न्यायाधिकरणं कितीही नेमा, उच्च न्यायालयाचं दार बंद करता येत नाही. लोक उठले, आणि विधेयक राज्यपालांकडे पाठवणार नाही असं सरकारला जाहीर करावं लागलं.

प्रकल्पांचं म्हणाल तर मोपा विमानतळ बघा. पर्यावरण मंजुरीच्या अर्जात आजूबाजूच्या जंगलांची माहिती दडली होती, आणि हरित न्यायाधिकरणाने ती नीट तपासली नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये मंजुरी स्थगित केली. फेरतपासणी झाली, अटी वाढल्या, जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली. आज त्याच विमानतळावरून हा मजकूर पुढे ढकलणारे मुंबईला जातात.

‘फायदा गुन्हेगारांचाच’

कामाच्या जागी बाईचा लैंगिक छळ थांबवायला १९९७ पर्यंत आपल्याकडे वेगळा कायदा नव्हता. विशाखा निकालात सर्वोच्च न्यायालयाने महिलांविरुद्धचा भेदभाव संपवण्याच्या कराराचा आधार घेऊन नियम घालून दिले, आणि त्यांतूनच २०१३ चा कायदा आला. २०२३ मध्ये गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी रद्द केली, कारण चौकशी घाईत उरकली होती आणि प्राध्यापकाला बाजू मांडायची पुरेशी संधी मिळाली नव्हती. पण त्याच निकालात न्यायालयाने देशभरातल्या कार्यालयांत तक्रार समित्या आहेत की नाहीत हे तपासायचे आदेश दिले. ज्याच्यावर आरोप आहे त्याचं पूर्ण ऐका, आणि जी तक्रार करते तिला समिती तरी द्या, हे दोन्ही त्याच एका निकालात आहे.

भावाची मुलगी कळंगुटला एका हॉटेलात कामाला आहे. तिथे अशी समिती आहे का, असं मी त्याला विचारलं. त्याला माहीत नव्हतं. दहाहून कमी कामगार असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, आणि तक्रार साधारण तीन महिन्यांत करायची असते, हेही सांगितलं. संध्याकाळी त्याचा फोन आला: मुलीने हॉटेलात विचारलं आहे, आणि समितीवरची नावं भिंतीवर लावायला सांगितली आहेत.