रेनचा लंडन आराखडा मंजूर झालाच नव्हता

१६६६च्या आगीनंतर वास्तुविशारद ख्रिस्तोफर रेनचा नव्या लंडनचा आराखडा राजाने आणि संसदेने मंजूर केला, पण हट्टी घरमालकांनी तो हाणून पाडला, असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. आग विझल्यावर आठवडाभरातच रेनने तो राजा दुसऱ्या चार्ल्सपुढे ठेवला, एवढंच बरोबर. रुंद सरळ रस्ते, चौकांतून फुटणाऱ्या तिरक्या वाटा, थेम्सकाठी लांबलचक धक्का. कागदावर देखणंच होतं! पण सुमारे १३,२०० घरं जळालेली, लोक उघड्यावर आणि जमिनींची भरपाई द्यायला तिजोरीत पैसा नाही. १६६७च्या कायद्याने विटा-दगडांची घरं सक्तीची केली, काही रस्ते रुंद केले; बाकी शहर बहुतांशी जुन्याच गल्ल्यांवर उभं राहिलं. मालकांच्या माथी खापर फोडणं उगाचच. रेननेच उभारलेलं आजचं सेंट पॉल्स कॅथेड्रलही त्या आराखड्यातलं नव्हे, त्याचं काम १६७५मध्ये सुरू झालं.