स्कॅन दुरुस्त करत बसू नका, फाइलच बदला

सत्र सुरू व्हायची वेळ आली की गोव्यातल्या कित्येक कॉलेजांत गेल्या वर्षीचा ऑनलाइन कोर्स तसाच पुढे ढकलला जातो. त्यातल्या बऱ्याच पीडीएफ म्हणजे पुस्तकाच्या पानांचे मोबाइलवर काढलेले फोटो. डोळस मुलाला त्यात धडा दिसतो. स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर) लावून वाचणाऱ्या मुलासाठी ते कोरं पान असतं. मग त्याचा मित्र रात्री बसून वाचून दाखवतो. हे काम मित्राचं नाही, आपलं, शिक्षकांचं आहे. आणि ते मुलाने वाचता येईल अशा फाइलसाठी अर्ज करण्याआधी व्हायला हवं.

फाइल ओळखायला मिनिटही लागत नाही. एक ओळ निवडून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. ओळ निवडताच येत नसेल, तर तो स्कॅन. इंग्रजी अक्षरांचा गोंधळ उमटला, तर जुना फॉन्ट: कृतीदेवमध्ये टाइप केलेला ‘मराठी’ हा शब्द संगणकाच्या लेखी ई, जे, के, मोठा बी आणि एच एवढाच असतो, आणि स्क्रीन रीडर तेच वाचतो. मराठी उमटली पण ऱ्हस्व वेलांट्या सरकल्या, जोडाक्षरं फुटली, तर दोष पीडीएफ बनताना आलाय. मूळ वर्ड फाइल बहुधा ठणठणीत असते. म्हणून पीडीएफसोबत वर्ड फाइलही द्याच.

आधी मूळ फाइल शोधा: विभागाच्या संगणकावर, डीटीपीवाल्याकडे, लेखकाकडे. जुन्या फॉन्टची फाइल कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये (संगणकाला मराठी म्हणूनच कळणाऱ्या अक्षरांत) येते, फक्त रफार आणि ‘ऱ्य’ नीट तपासा. काहीच सापडलं नाही तरच ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं सॉफ्टवेअरने ओळखून त्यांचा मजकूर करणं. पान सरळ ठेवून ३०० डीपीआयवर नव्याने स्कॅन करा, गूगल ड्राइव्हवर चढवा आणि गूगल डॉक्सने उघडा. मग डोळसाने मूळ पान शेजारी ठेवून तपासणं आलंच. ओसीआर ‘ध’चा ‘घ’ करतो. गणिताच्या नोट्समधली ‘धन संख्या’ ‘घन संख्या’ झाली, तर स्पेलचेक गप्प राहतो, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. ऐकणारा मुलगा मात्र चुकीचं गणित शिकतो.

वर्डमध्ये शीर्षकं नुसती ठळक करू नका, ‘हेडिंग’ स्टाइल लावा. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये एच दाबून मुलगा थेट पुढच्या शीर्षकावर जातो. स्टाइल नसेल तर चाळीस पानं ओळीओळीने ऐकावी लागतात. चित्राच्या ऑल्ट टेक्स्टमध्ये (चित्राऐवजी वाचून दाखवल्या जाणाऱ्या वर्णनात) ‘गोव्याचा नकाशा’ लिहून भागत नाही. ‘जुन्या काबिजादी: तिसवाडी, बार्देश, सासष्टी, मुरगाव, बाकीचे तालुके नव्या काबिजादीत’ असं लिहा (काबिजादी म्हणजे पोर्तुगीजांनी जिंकलेला मुलूख), कारण तो नकाशा त्यासाठीच दिलेला असतो. मजकुराची भाषा मराठी ठरवा. इतिहासाच्या किंवा कायद्याच्या नोट्समध्ये पोर्तुगीज उतारा असेल तर तेवढाच निवडून त्याची भाषा पोर्तुगीज करा, नाहीतर उच्चारांचा चुथडा होतो. पीडीएफ ‘सेव्ह अ‍ॅज’मधून काढा आणि पर्यायांतली अ‍ॅक्सेसिबिलिटी टॅग्जची (स्क्रीन रीडरला शीर्षक, परिच्छेद ओळखू देणाऱ्या खुणांची) खूण चालू ठेवा. ‘प्रिंट टू पीडीएफ’ने काढलीत तर टॅग गळतात आणि हेडिंगची सगळी मेहनत पाण्यात.

नवी फाइल तयार होते, पण जुनी जागची हलत नाही, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. ड्राइव्हवर वेगळी फाइल चढवली तर गूगल क्लासरूममधली लिंक जुन्या स्कॅनवरच जाते. ‘मॅनेज व्हर्जन्स’मधून नवी आवृत्ती चढवा, लिंक तीच राहते. ‘प्रत्येक विद्यार्थ्याला प्रत’ असं दिलेलं असेल तर वाटलेल्या प्रती बदलत नाहीत, त्या पुन्हा द्याव्या लागतात. कोर्स मूडल या प्रणालीवर असेल तर तिथला रिसोर्स उडवू नका, त्याच्याच सेटिंगमध्ये फाइल बदला.

प्रकाशकाच्या परवानगीचं कारण बरेच जण पुढे करतात. २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ५२(१)(झेडबी) आलं. अपंग विद्यार्थ्यासाठी त्याला वाचता येईल अशी प्रत बिगर-नफा तत्त्वावर करायला त्याने मोकळीक दिली आहे. स्वतःच्या नोट्सना तर तेही कारण नाही. २०२३पासून गोव्यात अपंग व्यक्तींसाठीचा पर्पल फेस्ट भरतो, त्याचा मला अभिमान आहे. म्हणूनच आपल्या वर्गातली ही अडचण जास्त खुपते.

सगळं एकदम होणार नाही. पहिल्या दोन आठवड्यांचं वाचन आधी घ्या, मग आयएसएला (सत्रातल्या अंतर्गत परीक्षेला) लागणारं. जे कोणी वापरतच नाही ते सरळ काढून टाका. आणि बदलल्यावर विद्यार्थ्याच्या लॉगिनमधून फाइल उघडून तीच नोटपॅडची चाचणी पुन्हा करा.