ध्वनिमुद्रण पाठवावे, ऐकू नये

नाशिकमध्ये रसिक म्हणून नाव काढायला पूर्वी फार कष्ट पडत. डिसेंबरच्या थंडीत कानटोपी घालून इंद्रकुंडाजवळच्या पलुस्कर सभागृहात जायचं, पुढच्या रांगा निमंत्रितांसाठी राखीव निघाल्या की मागे कुठेतरी टेकायचं, तानपुरे जुळेपर्यंत जांभया गिळायच्या, आणि एवढं करून बुवांनी नेमका आपल्याला न ओळखता येणारा राग काढायचा. शेजारचा "क्या बात है" म्हणाला की आपणही म्हणायचं, अर्धी मात्रा उशिरा. त्या अर्ध्या मात्रेत पुष्कळांची अब्रू गेलेली आहे.

आता तसं काही उरलं नाही. गंगापूर रोडवरच्या फ्लॅटच्या बाल्कनीत, मांडीवर फोन घेऊन, बसल्या जागी थोर रसिक होता येतं. रीत तेवढी ठाऊक हवी.

आधी संगीताच्या एखाद्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शिरा. बँकेतून निवृत्त झालेला शेजारी किंवा मुलीच्या पेटीच्या बाई तुम्हाला आत घेतीलच. शहरात गाणाऱ्यांपेक्षा असे ग्रुपच जास्त झालेत, अशी तक्रार काही जण करतात. त्यांचं मनावर घेऊ नका. ऐकणाऱ्यांपेक्षाही ते जास्तच आहेत.

आत गेलात की पहिलं ध्वनिमुद्रण टाकायची वेळ येते, आणि नवखी माणसं हमखास इथेच घसरतात. ती आपल्याला आवडतं ते टाकतात. भीमसेन जोशींचा अभंग, नाहीतर बापूराव पलुस्करांचं 'ठुमक चलत रामचंद्र'. सगळ्यांना ठाऊक असलेलं, सगळ्यांना आवडणारं गाणं टाकून तुमची काय प्रतिष्ठा राहणार? ध्वनिमुद्रण निवडताना एकच बघावं, समोरच्याला आपल्यात काहीतरी कमी आहे असं वाटलं पाहिजे. त्यासाठी अनवट, म्हणजे क्वचितच गायल्या जाणाऱ्या रागांना पर्याय नाही. मल्लिकार्जुन मन्सूर बसंती केदार, शिवमत भैरव, एक निषादाचा बिहागडा असं काहीही इतक्या सहज गात की ऐकणाऱ्याला राग अनवट असल्याचं जाणवूच नये. त्यांनी केलेलं हे नुकसान तुम्हाला भरून काढायचं आहे. फाइलखाली दोनच वाक्यं लिहा: "सूक्ष्म आहे. ज्याला कळेल त्याला कळेल." मग फोन पालथा ठेवा आणि भाजी आणायला जा.

रागाचं नाव द्यावं की नाही, यावर जाणकारांत मतभेद आहेत. आमच्या मते द्यावं, पण चुकीचं द्यावं. भूपाच्या फाइलला देसकार म्हणा. दोन्हींत सा, रे, ग, प, ध एवढेच शुद्ध स्वर. भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार; देसकाराचा धैवत. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देसकार सकाळचा. याहून मोठा जाळ हवा असेल तर मारवा, पूरिया आणि सोहनी हे त्रिकूट घ्या. तिघांतही कोमल रिषभ, तीव्र मध्यम आणि पंचमाला रजा. पूरिया खाली मंद्रात रमतो, सोहनी वर तार षड्जाला जाऊन बसते आणि मारव्यात रिषभ-धैवतांचं राज्य असतं, हे परीक्षेत लिहायला सोपं आहे. ग्रुपवर मात्र त्यावरून रात्री साडेअकरापर्यंत खडाजंगी चालते, घराणी निघतात, घराण्यांवरून घरं निघतात, शेवटी दोन जण ग्रुप सोडतात आणि त्यांतला एक सकाळी परत येतो. यातली गंमत अशी की फाइल अर्धा मिनिट ऐकली तरी निकाल लागेल. म्हणूनच ती कुणी उघडत नाही.

प्रहरांचं शास्त्र दुधारी आहे, ते दोन्ही बाजूंनी वापरायला शिका. सकाळी सहा वाजता कुणी गुलाबाच्या फुलासोबत दरबारी पाठवला तर लगेच हटका: "ही वेळ ललताची. नऊनंतर तोडी. दरबारी मध्यरात्रीचा आहे, ग्रुपची काही शिस्त?" आणि रात्री अकराला स्वतः तोडी टाकून लिहा, "भावनेला घड्याळ नसतं." ग्रुपमध्ये कुणाचा तरी मुलगा न्यू जर्सीत असतोच. आपली रात्र ती त्याची सकाळ. त्याने काही टाकलं तर प्रहर नाशिकचा धरायचा की तिकडचा, याचा खुलासा कुठल्याच ग्रंथात नसल्यामुळे त्याला दोन्हीकडून झोडता येतं.

आता ध्वनीच्या दर्जाविषयी. हा विषय भौतिकशास्त्राचा असल्यामुळे इथे अडाण्यालाही फार बोलता येतं. १९०२च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात गायिका गौहर जानने ध्वनिमुद्रणाच्या भोंग्यापुढे बसून गायलं. मायक्रोफोन वापरून मुद्रण सुरू झालं ते १९२५च्या सुमारास. तोवर आवाजाचा खालचा आणि वरचा बराचसा भाग त्या भोंग्याच्या बाहेरच राहत असे. तर अशा एखाद्या तबकडीची २४ बिट, १९२ किलोहर्ट्झची फाइल मागावी. तबकडीची खरखर त्यात अतिशय स्वच्छ ऐकू येते. कुणी साधी एमपीथ्री टाकली तर नाक मुरडा, ती एका बटणावर फ्लॅकमध्ये, म्हणजे काही न गाळणाऱ्या मोठ्या फाइलीत, बदला आणि "आता ऐका फरक" म्हणून परत टाका. फाइल कित्येक पट फुगलेली असते. जे स्वर एमपीथ्री करतानाच गळाले ते काही परत येत नाहीत, पण फोनची जागा भरली की माणसाला दर्जा जाणवतोच.

पट्टीचा मुद्दाही असाच उपयोगी. कॅसेट सहा टक्के जलद फिरली की आवाज अर्धा स्वर चढतो. पेटीवरच्या काळी दोनचे बुवा थेट शेजारच्या पांढरी तीनमध्ये गाऊ लागतात. सुरुवातीच्या तबकड्यांवर '७८' म्हटलेलं असलं तरी सगळ्या काही नेमक्या तेवढ्या फेऱ्यांवर कापलेल्या नसत. त्यामुळे कुठल्याही जुन्या ध्वनिमुद्रणाखाली "पट्टी संशयास्पद" एवढं लिहिलं की तुम्ही जाणकार. पेटी जवळ असली पाहिजे असं नाही. नसलेलीच बरी.

गौहर जानचा विषय निघालाच आहे तर, तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या. तिथल्या माणसांना गाणाऱ्याचं नाव कळावं म्हणून ती शेवटी इंग्रजीत सांगून मोकळी व्हायची, "माय नेम इज गौहर जान." एका वाक्यात काम झालं. तुमच्या फाइलचं नाव मात्र 'ऑडिओ ००४७ नवीन फायनल दोन' असंच असू द्या. गायक कोण, बंदिश कुठली, साल कोणतं, हे लिहिलं की लोकांना तुमची गरज उरत नाही. तबलजीचं नाव तर चुकूनही देऊ नये. तासभर विलंबित एकतालाचा ठेका धरून बसलेल्या माणसाला प्रसिद्धीची हौस नसते, असं आपण परंपरेने मानत आलो आहोत.

इथवर जमलं की तुम्ही मधल्या फळीतले रसिक झालात. वरच्या फळीत बसायचं असेल तर पाठवणं कमी करा आणि "आमच्याकडे आहे" म्हणायला लागा.

जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब १९४६ साली गेले आणि त्यांच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. अशी मोकळी जागा पुन्हा मिळायची नाही. एखाद्या शांत दुपारी ग्रुपवर सहज लिहा, "खाँसाहेबांची चार मिनिटं आमच्या पंचवटीतल्या वाड्यात होती. आजोबांना शब्द दिलाय, जास्त बोलत नाही." पुण्याहून दोन फोन येतील. कोल्हापूरहून माणूस येतो म्हणेल. एखादा चिकित्सक विचारेल की त्या काळात घरोघरी टेप रेकॉर्डर कुठे होते? त्याला सांगा, तबकडी होती. कुठे आहे विचारलं तर १९६९चा पूर आहेच. गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीवरून पाणी गेलं की नाशिककरांचं काय काय वाहून गेलं, ते कुणी मोजलंय?

याच खाँसाहेबांच्या शिष्या सूरश्री केसरबाई केरकर. रेडिओ आणि ध्वनिमुद्रण या दोन्हींवर त्यांचा फारसा लोभ नव्हता. नेमकी त्यांचीच भैरवी, 'जात कहाँ हो', साडेतीन मिनिटांची, १९७७ साली सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर घालून व्हॉयेजरच्या दोन्ही अंतराळयानांतून पाठवली गेली. दोन्ही यानं आता सूर्याचं वारं पोचतं त्याच्या पलीकडे आहेत. गुरूचं गाणं मिनिटभरही हाती नाही आणि शिष्येचं सूर्यमालेच्या वेशीबाहेर, असा हा प्रकार आहे आणि खरं सांगायचं तर त्यापुढे आमचीही टिंगल जरा लंगडी पडते. तुम्ही मात्र व्यवहार बघा: एवढ्या लांब फॉरवर्ड करूनही अजून कुणाचा अंगठा आलेला नाही. कॉलेज रोडच्या ग्रुपवर तो तिसऱ्या सेकंदाला येतो.

किंबहुना यायलाच हवा. सत्तेचाळीस मिनिटांचा मारवा आला की तो उतरून व्हायच्या आत "डोळ्यांत पाणी आलं" असं गेलं पाहिजे. उशीर केलात तर तुम्ही ऐकत होता असा संशय येतो.

कुणी खाजगीत प्रत मागितली तर "पाठवतो हं" म्हणा. हे पूर्ण उत्तर आहे. फारच मागे लागला तर अंतरा कापून पाठवा, आणि विलंबिताच्या समेवर तुमच्या आवाजात "हे ध्वनिमुद्रण अमुक यांच्या संग्रहातून" असं घाला. ती फाइल तुम्हाला तरी दुसऱ्याच्या संग्रहातूनच आली होती, पण त्याने स्वतःचं नाव घालण्याचा हलगर्जीपणा केला. वर "अन्यत्र वापरू नये" अशी तंबी हवीच. कायद्यानं ध्वनिमुद्रणाचे हक्क ते प्रकाशित झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं टिकतात. फॉरवर्ड करणाऱ्याचे बहुधा आमरण टिकत असावेत.

एक धोका मात्र सांगून ठेवतो. कधीतरी ग्रुपवर एखादी कॉलेजातली मुलगी येते आणि सरळ विचारते, "मला यातलं काही कळत नाही, पण ऐकायचंय. कुठून सुरू करू?" अशा वेळी सगळ्यांनी एकत्र यावं. तिला एका रात्रीत बासष्ट फाइली, तीन पुस्तकांच्या पीडीएफ आणि "आधी कान तयार कर, बाळा" असा आशीर्वाद द्यावा. ती आठवड्यात गप्प होते. पण एखादा नादान माणूस मधेच तिला बापूराव पलुस्करांची जुनी तबकडी पाठवतो. तबकडीच्या एका बाजूला मावायची तीन-साडेतीन मिनिटं. तेवढ्यात अस्थाई, अंतरा, थोडी आलापी, चार चोख ताना, आणि राग पुरा होऊन समेवर. त्या काळच्या गवयांना तासाभराचं गाणं तेवढ्यात बसवावं लागे, आणि त्यांतले काही ते असं बसवत की काही राहून गेलं असं वाटूच नये. मुलगी ते बसमध्ये ऐकते. पुन्हा ऐकते. दुसऱ्या दिवशी विचारते, "यांचं अजून आहे?" झालं. हिला ऐकायची सवय लागली. अशी माणसं पुढे ग्रुपवर काही टाकत नाहीत, दाद देत नाहीत. त्यांचा काही म्हणजे काही उपयोग नसतो.

बापूरावांवर आपला हक्क आहे हे मात्र विसरू नका. २८ मे १९२१ला ते आपल्या नाशकात जन्मले आणि १९५५च्या ऑक्टोबरात, अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. जयंती-पुण्यतिथीला "आमचे नाशिकचे" असं लिहून विनम्र अभिवादन करावं. सोबत फोटो त्यांच्या वडिलांचा जातो, पगडीवाला. विष्णु दिगंबरांनी १९०१ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि पुढे ते नाशकात येऊन राहिले. बापूराव दहा वर्षांचे असतानाच ते वारले. दोन वेगळी माणसं, दोन वेगळे गळे. पण गुगलवर पगडी आधी येते. गाणं जोडायची गरज नाही, हार घातलेला पुरे.

एवढं सगळं करून वर्षातून एकदा प्रत्यक्ष गाण्यालाही गेलं पाहिजे, नाहीतर लोक बोलतात. त्यासाठी दिवाळीतली पाडवा पहाट उत्तम. पहाटे अंधारात पिंपळपाराकडे निघा, नवा कुर्ता घाला, पुढची सतरंजी पकडा. गायिकेने षड्ज लावला की दोन्ही हात डोक्यावर नेऊन फोन धरा. मागच्यांना ती दिसणार नाही, पण त्यांना तुमच्या पडद्यावर दिसेल. तेवढी सोय आपण करतोच. ध्वनिमुद्रणात शेजारच्या काकूंचं अत्तर कुठून घेतलं ते, एका मुलाचं "बाबा, शू", आणि दूरवर लागलेला सुतळी बॉम्ब असं सगळं नीट येतं. चार मिनिटं झाली की हात दुखतो. थांबवा, "नुकतंच, प्रत्यक्ष" लिहून पाठवा, चपला शोधा आणि गर्दी व्हायच्या आत मिसळीची रांग गाठा. गायली काय, ते कुणीतरी टाकेलच.