चालणाऱ्यांचा रस्ता म्हणे!

‘फक्त पादचाऱ्यांसाठी’ अशी पाटी, आणि पाटीला टेकूनच ट्रक उभा! ‘पाचच मिनिटं, माल उतरवतोय.’ अहो, ही पाच मिनिटं सकाळपासून संपेनात! मागे दुसरा, त्यामागे तिसरा. आम्ही चालायचं कुठून, टपावरून?

आणि त्या फरशा! पायी चालणाऱ्यांसाठी वाळूच्या थरावर बसवलेल्या, त्यावर टनावारी माल. गाडीच्या आसावरचा (चाकं जोडणाऱ्या दांड्यावरचा) भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज साधारण 16 पट होते, हा ढोबळ हिशोब रस्ते बांधणाऱ्यांनाच ठाऊक नसावा? पावसात तर एकेक डुगडुगती फरशी म्हणजे पिचकारी. पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत अभिषेक! मग दुरुस्ती (तिला दुरुस्तीच म्हणायचं!) होते: डांबराचं ठिगळ. ते सुकायच्या आत त्यावर कोण उभं? ट्रक!