‘दुधाचे दात पडणारच, उपचार कशाला?’ या मेसेजबद्दल खुलासा

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘दुधाचे दात पडणारच असतात. त्यात सिमेंट भरणं, रूट कॅनल (दातातली खराब नस काढून पोकळी भरणं) करणं म्हणजे नुसते पैसे उकळणं.’ हे चूक आहे, आणि त्याचा त्रास लेकरांना होतो.

पुढचे दात ६-७ व्या वर्षी पडतात, हे खरं. पण मागच्या दुधाच्या दाढा १० ते १२ वर्षांपर्यंत तोंडात असतात. चौथ्या वर्षी किडलेली दाढ तशीच सोडली, तर एवढी वर्षं मुलानं चावायचं कशानं? कीड आत, दाताच्या नसेपर्यंत पोचली की रात्री-अपरात्री ठणका लागतो, हिरडीवर पुवाची पुळी येते, खाली तयार होणाऱ्या कायमच्या दातालाही इजा होऊ शकते. दाढ वेळेआधी काढली तर शेजारची त्या जागेत सरकते आणि नवा दात वाकडा येऊ शकतो.

आणखी एक गोष्ट हमखास निसटते. सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यात मागे, एकही दात न पडता, नवी दाढ येते. ती दुधाची नव्हे, कायमची! मोबाइलचा टॉर्च लावून बघा: दुधाच्या दोन दाढांमागे तिसरी दिसली, तर तीच. तिच्या खाचेत काळी रेघ असेल तर लगेच दाखवा.

प्रत्येक किडीला रूट कॅनल लागत नाही. कीड वरवरची असेल तर सिमेंट भरून भागतं. पडायला आलेला, हलणारा दात बहुधा तसाच सोडतात. फ्लोराइडची टूथपेस्ट तिसऱ्या वर्षापर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर वाटाण्याएवढी. आणि रात्री ब्रश झाल्यावर दुधाची बाटली देऊ नका.